तयारी मोजायला निघाले तेव्हा

एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय लिहून द्यायचा होता. मी लिहिलं : ‘मोबाइल बँकिंग स्वीकारण्याबाबत तरुणांची तयारी’. माझ्या गाइड मॅडमनी कागद वाचला आणि ‘तयारी’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. ‘‘तयारी कसली ग? मनाची की हाताची?’’ मला प्रश्न नीट कळला नव्हता. ‘‘दोन्हींची,’’ म्हणून मी बाहेर पडले. पुढचे सात-आठ महिने त्या रेघेभोवतीच गेले.

विषय निवडताना हिशेब साधा होता. आजूबाजूला सगळे विशी-पंचविशीतले, सगळ्यांच्या हातात फोन, म्हणजे माहिती गोळा करायला वेळ लागणार नाही. प्रश्नावली करायची, शे-दोनशे जणांकडून भरून घ्यायची, आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, निष्कर्ष लिहायचा.

या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक शोधनिबंध एकाच दारातून आत नेतो. ते दार म्हणजे ‘तंत्रज्ञान स्वीकृती प्रतिमान’ (प्रतिमान म्हणजे मॉडेल). फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या या प्रतिमानात दोन गोष्टी मध्यवर्ती आहेत : नवं तंत्रज्ञान आपल्या उपयोगाचं आहे असं माणसाला वाटतं का, आणि ते वापरायला सोपं आहे असं वाटतं का. दोन्ही ठिकाणी भर ‘वाटण्या’वर आहे. वस्तू मुळात किती सोपी आहे, याला तिथे फारशी किंमत नाही. प्रत्येक गोष्ट मोजायला सहा-सहा विधानं. त्यांच्या अभ्यासात उपयुक्ततेचा वापराशी असलेला संबंध सोपेपणापेक्षा बराच घट्ट निघाला. कामाचं असेल तर माणूस थोडी कटकट सोसतो, आणि कामाचं नसेल तर नुसत्या सोपेपणाने तो येत नाही. हे मला तेव्हाही पटलं, आजही पटतं.

पण मूळ निबंध शोधून वाचला तेव्हा एक गोष्ट खटकली. त्या अभ्यासात मिळून १५२ माणसं होती. त्यातली ११२ टोरांटोच्या आयबीएममध्ये काम करणारी आणि ४० बोस्टन विद्यापीठातली एमबीएची मुलं. नोकरदारांना ज्यांबद्दल विचारलं होतं, त्या गोष्टी म्हणजे ईमेल आणि मजकूर संपादित करण्याची एक प्रणाली. विधानंही नोकरीतल्या माणसाला शोभतील अशी : ‘या प्रणालीमुळे माझ्या नोकरीतली कामं लवकर उरकतात.’ ऑफिसातलं पत्र चुकलं तर पुन्हा लिहिता येतं. पैसे भलत्या खात्यात गेले तर ‘पुन्हा लिहू’ असं म्हणता येत नाही. ईमेलसाठी शिवलेला सदरा मी पैशाच्या व्यवहाराला घालू बघत होते.

मग पुढचं वाचन झालं. २००३ मध्ये वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत डेव्हिसही होते, तोवरची आठ प्रतिमानं एकत्र करून चार घटक काढले : कामात होणारा फायदा, लागणारे कष्ट, भोवतालच्या माणसांचा प्रभाव आणि सोयी-सुविधांचा आधार. २०१२ मध्ये ग्राहकांसाठी म्हणून त्यात मजा, किमतीच्या मानाने मिळणारं मोल आणि सवय यांची भर पडली. त्याशिवाय १९६० पासून बाउअर यांच्यामुळे चर्चेत आलेली ‘जाणवणारी जोखीम’ होतीच. मी या सगळ्या वाचनातून पाच घटक उचलले : उपयुक्तता, सोपेपणा, माणसांचा प्रभाव, जोखीम आणि विश्वास. सहावा रकाना तयारीचा.

खरा घोळ सुरू झाला तो भाषांतराला बसल्यावर.

विधानं सगळी इंग्रजीत. मला प्रश्नावली मराठीत हवी होती, कारण इंग्रजी फॉर्म भरताना माणूस वाक्य समजून घेण्यातच दमतो आणि मग मधला आकडा टाकून मोकळा होतो. पहिलंच विधान अडलं. ‘माझा मोबाइल बँकिंग वापरण्याचा हेतू आहे.’ मराठीत हेतू म्हटला की त्यामागे काहीतरी लपलेलं आहे असं वाटतं. ‘इरादा’ त्याहून वाईट. ‘मी वापरू इच्छिते’ ही सरकारी अर्जाची भाषा. ‘मी वापरणार आहे’ हे आपण खरंच बोलतो, पण त्यात मनाचा कल नाही, ठरलेला बेत आहे. शेवटी उरलं ते ‘माझी वापरण्याची तयारी आहे’. ते लिहिलं आणि लक्षात आलं की ‘माझी तयारी आहे’ हे आपण आपणहून सहसा म्हणत नाही. कुणीतरी विचारलेलं असतं, बहुधा थोडा आग्रहही केलेला असतो, आणि मग आपण म्हणतो, ठीक आहे, माझी तयारी आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पूर्वतयारीचा. परीक्षेला बसायची तयारी असते, पण परीक्षेची तयारी झालेली नसते. मॅडमची पेन्सिल कुठे थांबली होती ते मला त्या रात्री कळलं.

त्याहून मोठी अडचण विश्वासाची. इंग्रजी विधानांत एकच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत फिरत होता. मी सगळीकडे ‘विश्वास’ लिहीत गेले. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने मसुदा वाचून सहज म्हटलं, ‘‘माझा बँकेवर विश्वास आहे ग, पण ॲपचा भरवसा नाही.’’ मी तिच्याकडे बघतच राहिले. विश्वास म्हणजे समोरचा फसवणार नाही ही खात्री. भरवसा म्हणजे ऐन वेळी तो उभा राहील ही खात्री. एखादा मित्र सज्जन असतो, पण वेळेला येईल याचा भरवसा नसतो. बँक पैसे बुडवणार नाही असं मानणारा माणूसही, शेवटच्या तारखेच्या रात्री फी भरताना ॲप उघडेल का, याची काळजी करतोच. मी विधानं दोन गटांत वाटली.

भाषांतर तपासायची एक रूढ पद्धत आहे, ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये तपशिलात मांडलेली : मूळ न पाहिलेल्या माणसाकडून भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करून घ्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. ते केलं. विश्वास आणि भरवसा, दोन्ही इंग्रजीत एकच शब्द होऊन परत आले. पद्धतीप्रमाणे माझं भाषांतर निर्दोष ठरलं, आणि मला जे सापडलं होतं ते त्याच तपासणीत नाहीसं झालं. मी ते दोन गट तसेच ठेवले. त्यावर पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण तो निर्णय मी आजही बदलणार नाही.

पायलटसाठी, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीसाठी, फॉर्म ऑनलाइन केला, सात पायऱ्यांचा, ‘अजिबात सहमत नाही’ पासून ‘पूर्ण सहमत’ पर्यंत, आणि ओळखीच्यांच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत भराभर उत्तरं आली. क्रॉनबाख अल्फा काढला. एका घटकाची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा हा आकडा ०.७० च्या वर गेला की लोक निश्चिंत होतात. माझा सोपेपणाचा अल्फा त्याच्या खूप वर गेला. मी आनंदाने मॅडमना दाखवायला गेले. त्यांनी अल्फाकडे पाहिलंच नाही. कच्ची उत्तरं उघडायला सांगितली आणि त्यावरून बोट खाली नेत गेल्या. सात, सात, सात, सात. पुढच्याचे सहा, सहा, सहा. ‘‘एकच खूण वरून खालपर्यंत ओढत नेली तरी अल्फा छानच येतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे तुझ्या प्रश्नांचं उत्तर आहे की तुझ्या मैत्रीचं?’’

मी दोन उलटी विधानं घातली. ‘ॲप वापरताना माझा गोंधळ उडतो’ हे त्यातलं एक. दुसऱ्या फेरीत कितीतरी जण ‘ॲप वापरणं सोपं आहे’ याला पूर्ण सहमत होते आणि गोंधळ उडतो यालाही पूर्ण सहमत. अल्फा कोसळला. शिवाय एक गोष्ट इतकी डोळ्यांसमोर होती की दिसलीच नव्हती. मोबाइलवर सराईत असणाराच मोबाइलवरचा फॉर्म भरणार. ज्याचा फोन घरात तिघांत मिळून आहे, ज्याच्या फोनमध्ये नवं ॲप घ्यायला जागाच उरलेली नाही, तो माझ्या आकड्यांत येणारच नव्हता. तरुणांची तयारी विचारायला मी तयार असलेल्यांनाच गाठत होते. त्यानंतर कागदी प्रती काढल्या आणि हाताने वाटल्या.

मॅडमनी आणखी एक सुचवलं : काही जणांशी बोल. आकडे नकोत, नुसतं बोल. मी पायलटमध्ये भाग घेतलेल्यांपैकी तयार असलेल्यांना भेटायला सुरुवात केली. नियम माझा मीच घालून घेतला होता : फोन खिशातच ठेवायचा, शिल्लक, पिन, बँकेचं नाव यातलं काहीही सांगायचं नाही, फक्त शेवटचा व्यवहार कसा केला ते आठवून सांगायचं.

पहिला मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. त्याचा फॉर्म सगळा सातांनी भरलेला. मित्रांना पैसे पाठवतो, दिवसातून अनेकदा, विचार न करता. मोठी रक्कम कधी पाठवलीस, विचारलं. थोडा वेळ गप्प बसला. ‘‘मोठी रक्कम दादा पाठवतो, ताई. मी नाही. शून्य मोजताना हात थरथरतो.’’ मग कळलं की ॲपला जोडलेल्या खात्यात तो जेमतेम आठवड्याच्या खर्चाएवढे पैसे ठेवतो. बाकीचे दुसऱ्या खात्यात, ज्याला ॲप जोडलेलंच नाही. ‘‘गेलेच तर तेवढेच जातील.’’ मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटली, आजही वाटते. पण माझ्या फॉर्मवर हा मुलगा शंभर टक्के तयार होता, आणि त्याचा खरा पैसा तिथे नव्हताच.

दुसरी मुलगी पदवी करता करता अर्धवेळ काम करणारी. तिच्या फॉर्मवर दोन, तीन, क्वचित चार. सोपेपणाला दोन. माझ्या हिशेबी ही तंत्रज्ञानाला नकार देणारी. बोलायला बसलो तर घरातले सगळे व्यवहार तीच करत होती. विजेचं बिल, भावाची फी, आजीच्या औषधांचे पैसे, शिवाय शेजारच्या दोन काकूंचे रिचार्ज. मी म्हटलं, अग, सोपं नाही असं लिहिलंस, मग एवढं सगळं करतेस कशी? ती म्हणाली, ‘‘सोपं नाहीच आहे, ताई. मला येतं म्हणून तुम्हाला सोपं दिसतं.’’

तिची पद्धत मी वहीत उतरवून घेतली. नव्या माणसाला पहिल्यांदा पैसे पाठवताना आधी अगदी किरकोळ रक्कम. पडद्यावर खातेदाराचं नाव येतं ते मोठ्याने वाचायचं. मग त्या माणसाला फोन करून मिळाले का विचारायचं, आणि मगच उरलेली रक्कम. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट, आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा तिचे पैसे खात्यातून वजा झाले आणि पडद्यावर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच दिसत राहिलं. फी भरायचा शेवटचा दिवस होता. घाबरून तिने पुन्हा पाठवले. रक्कम दोनदा गेली. एक परत यायला दिवस लागले, आणि त्या दिवसांत तिने घरी कुणाला सांगितलं नाही.

त्या फिरत्या चक्रामागे काय घडत असतं, हे मी मग मुद्दाम समजून घेतलं. पाठवणाऱ्याच्या बँकेकडून संदेश निघतो, मधल्या यंत्रणेतून घेणाऱ्याच्या बँकेत जातो आणि तिथून उत्तर परत यावं लागतं. जाणारा संदेश पोहोचला पण उत्तर वाटेत अडलं, तर पैसे जमा झाले की नाही हे ॲपलाही ठाऊक नसतं. यशस्वी म्हणता येत नाही आणि फसला असंही म्हणता येत नाही. दोन्ही बँकांच्या नोंदी ताडून पाहिल्या जाईपर्यंत व्यवहार अधांतरी राहतो. म्हणून त्या वेळी पुन्हा पाठवणं हेच सर्वांत धोक्याचं. इतकी साधी गोष्ट पडद्यावर एका ओळीत लिहिता आली असती. त्या मुलीच्या पडद्यावर ती नव्हती, याचा मला अजून राग येतो.

बोलताना आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. सुरुवात कशी झाली, असं विचारलं की उपयुक्ततेचं नाव कुणी घेतलं नाही, सोपेपणाचंही नाही. बहुतेकांनी एका माणसाचं नाव घेतलं. कुणाला शिकवणीचे पैसे घ्यायचे होते आणि देणारी बाई फक्त फोनवरूनच देत होती. कुणाची शिष्यवृत्ती थेट खात्यात येणार होती. कुणाला मित्रांनी खर्च वाटून घेताना म्हटलं, एवढं ॲप घे रे. केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरच्या पैशाच्या सेवेची गोष्ट मी तेव्हा वाचत होते. (पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा, कानाला अगदी आपलाच वाटणारा शब्द.) त्याची चाचणी झाली ती छोट्या कर्जांचे हप्ते भरण्यासाठी. लोकांनी मात्र ते एकमेकांना पैसे पाठवायला वापरलं, आणि सेवा सुरू करताना तोच उपयोग पुढे ठेवला गेला. पैसे पाठवायला किंवा घ्यायला पलीकडे माणूस असतो, तेव्हा तयारी वगैरे कुणी विचारत नाही. माझ्या प्रश्नावलीत ‘माझ्या जवळच्या माणसांना वाटतं की मी हे वापरावं’ असं विधान होतं. जवळच्या माणसांना तसं काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त पैसे द्यायचे होते, आणि देण्याची दुसरी वाट त्यांच्याकडे नव्हती.

याच सुमारास शीरन यांचा २००२ चा आढावा हाती आला. अनेक अभ्यास एकत्र करून त्यांनी दाखवलं आहे की माणसांच्या वागण्यातल्या फरकांपैकी सरासरी २८ टक्के फरकच त्यांच्या हेतूवरून उलगडतो. तो आकडा वाचून मला हायसं वाटलं. सातवाला मुलगा आणि दोनवाली मुलगी हे माझ्या कामातले अपवाद नव्हते. मी जे मोजत होते त्याच्याबाहेर बरंच काही होतं, आणि त्यातलं थोडं माझ्या वहीत आलं होतं.

प्रश्नावली पुन्हा लिहिली. तयारीचा रकाना काढून टाकला नाही, पण त्याचे दोन केले, मनाची आणि हाताची. दुसऱ्यात विधानं घडलेल्या गोष्टींची. ‘मागच्या महिन्यात मी दुसऱ्या कुणासाठी तरी व्यवहार केला.’ ‘मोठी रक्कम पाठवायची असेल तर मी दुसऱ्याला सांगते किंवा सांगतो.’ ‘ओटीपी विचारणारा फोन आला तर तो बँकेचा नाही हे मला ओळखता येतं.’ आणि त्या मुलीमुळे सुचलेलं : ‘पैसे अडकले तर पहिल्यांदा काय करायचं हे मला माहीत आहे.’

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी अपेक्षित तेच विचारलं. जगभर वापरली जाणारी मोजपट्टी तुम्ही मोडलीत, आता तुमचे निष्कर्ष इतरांच्या निष्कर्षांशी कसे ताडून बघायचे? मी म्हटलं, या भागाचे नाही ताडता येणार, सर. त्यांनी ते लिहून घेतलं. आक्षेप रास्त होता, त्याला दुसरं उत्तर नव्हतं. मग त्यांनी विश्वास आणि भरवसा यांचा तक्ता उघडला आणि त्यावर बराच वेळ थांबले. त्यांनाही ॲपचा एक जुना अनुभव आठवला होता, तो त्यांनी सांगितला. तो इथे लिहीत नाही, त्यांचा आहे.

फॉर्म तपासत होते त्या दिवसांतली एक गोष्ट राहिली. बाकीच्या विधानांसमोरच्या खुणा नेहमीप्रमाणे सहा-साताकडे झुकलेल्या होत्या. ‘पैसे अडकले तर’ या एका ओळीसमोर मात्र एकपासून सातपर्यंत सगळीकडे विखुरलेल्या. एका कागदी फॉर्मवर त्या ओळीला आकडाच नव्हता. समासात निळ्या पेनने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘काय करायचं असतं?’

फॉर्मवर नाव नव्हतं, त्यामुळे उत्तर कुणाला द्यायचं ते कळेना. उरलेले फॉर्म वाटायला निघण्याआधी मी एका वेगळ्या कागदावर लिहून काढलं : पुन्हा पाठवू नका. व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवा. आधी खात्याच्या नोंदी पाहा, आणि पलीकडच्यालाही त्याच्या नोंदी पाहायला सांगा. तक्रार बँकेच्या ॲपमधूनच करा, किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर, इंटरनेटवर शोधून सापडलेल्या नाही. पिन आणि ओटीपी मदत करणाऱ्यालाही सांगू नका. घरी सांगा. फॉर्म भरून हातात आला की मी तो कागद देत असे, आधी नाही, नाहीतर उत्तरं बिघडली असती. प्रबंध बांधायला देताना मॅडमनी विचारलं, ‘‘तो कागद कुठाय?’’ आणि परिशिष्टात सगळ्यात वर लावायला सांगितला.